सुलोचनाबाईंची जागा

२० नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. समुद्रपूरहून सकाळी साडेसहाला निघाले, हिंगणघाट, वर्धा, पुलगाव करत सव्वाबाराला रोहण्याच्या फाट्यावर उतरले. फाट्यापासून कापूस तपासणी केंद्र एक किलोमीटर. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि वेचणीच्या बाया ओळीनं वाकलेल्या. बॅग खांद्यावर असूनही चालायला बरं वाटलं.

वही धाकट्या भावानं, विवेकनं दिली. तो म्हणाला, ताई, प्रत्येक नोकरीत पहिले आठ दिवस तू खूश असतेस, निदान ते तरी लिहून ठेवत जा. ही सातवी नोकरी. वय एकतीस, शिक्षण एमसीए, आणि मयुरी हरिदास थूल या नावाचा नियुक्ती आदेश आजवर एकाही ठिकाणी निघालेला नाही. कुठं मी एजन्सीची मुलगी होते, कुठं 'ते कंप्युटरवाले मॅडम'. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पाकिटात माझ्या एका जुन्या अर्जाची पोच निघाली होती.

इथं मात्र जागा मंजूर आहे. अण्णाजींनी पहिल्या पाच मिनिटांत ते तीनदा सांगितलं. अण्णाजी केंद्राचे प्रमुख. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांच्या जागी कुणी आलंच नाही म्हणून ते रोज येतात. केंद्र नागपूरच्या एका संस्थेचं. आजूबाजूच्या गावांतून कापसाचे नमुने येतात, इथं धाग्याची लांबी आणि ताकद मोजतात. सत्तावीस वर्षांच्या या सगळ्या नोंदी मागच्या खोलीतल्या, युनिक्स या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या एका संगणकावर आहेत. धागा मोजायचं नवं यंत्र आलंय, ते या जुन्या युनिक्सशी बोलत नाही. त्यासाठी पुढची आवृत्ती हवी. तिच्या दोन सीडी डिस्क अण्णाजींनी नागपूरच्या भंगारवाल्याकडून मिळवल्या. पुढची म्हणजे तीही पंधरा वर्षं जुनी. ती बसवायची, हे माझं काम. ते झालं की ११ डिसेंबरच्या समितीपुढं माझ्या नावाचा प्रस्ताव.

एकच गोष्ट खटकली. हजेरीपटात चौथ्या ओळीवर 'सौ. सुलोचना पोहाणे, संगणक परिचालक' असं लिहिलंय, आणि शिपाई किसनरावांनी त्याच ओळीवर बोट ठेवून पेन माझ्या हातात दिला. अण्णाजी म्हणाले, मंजुरी त्या नावानं आहे, नाव बदलायला ठराव लागतो, आणि ओळ महिनाभर कोरी राहिली तर जागाच रद्द होते. तोवर त्यांच्या नावानं सही करा, सगळीकडे असंच चालतं. ते खरंच आहे. मागच्या नोकरीत मी आठ महिने एका रजेवरच्या बाईच्या नावानं सही करत होते.

केली सही. सुलोचनाबाई कुठं असतात विचारलं तर अण्णाजी म्हणाले, गेल्या त्या. मग चहा घेता का म्हणाले.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

राहायची सोय केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये, अनुसयाबाईंकडे. साठीच्या आहेत, एकट्याच. नमुने निवडायच्या कामावर होत्या, आता केंद्राचा चहा आणि माझं जेवण त्यांच्याकडे. बोलायला गोड. काल संध्याकाळी त्यांनी पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. "बरं बरं माय," म्हणाल्या. आज सकाळी माझा चहा काचेच्या ग्लासात आला, आणि मी धुऊन ठेवलेला ग्लास त्यांनी उचलून बाहेर खिडकीत ठेवला. त्यांचे कप आत फळीवर असतात.

अशा खिडक्या मी पुष्कळ पाहिल्यात. आईला फोनवर सांगितलं, जेवण चांगलं आहे. तेही खोटं नाही.

मशीन पाहिलं. पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा डबा, वर जुना जाड काचेचा मॉनिटर, त्यावर क्रोशाचं झाकण. एवढं स्वच्छ मशीन मी कुठल्याच ऑफिसात पाहिलं नाही. डिस्कच्या चकचकीत बाजूला मात्र लाल-पिवळे डाग होते. किसनरावांना विचारलं. दर दसऱ्याला ते मशीनसोबत सगळ्या डिस्कही पाटावर मांडतात आणि हळदकुंकू लावतात. या दोनही यंदाच्या पूजेत बसल्या. मी म्हटलं, निदान छापील बाजूला तरी लावायचं. ते म्हणाले, "चमकते ते तोंड हाय ना जी तिचं. कुंकू तोंडालेच लावा लागते. पाठीले कोन लावते?"

हसत बसले मी बराच वेळ.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

या मशीनच्या आत एक बारीक बॅटरी आहे. मशीन बंद असताना त्याचं नाव आणि क्रमांक ती लक्षात ठेवते. ती कधीच मेली. म्हणजे वीज गेली की मशीन स्वतःला विसरतं. चालू केलं की विचारतं, मी कोण. मग बारा आकडी क्रमांक हातानं भरायचा. तो चुकला तर कापसाच्या नोंदींचा कार्यक्रम उघडतच नाही. मॉनिटरच्या कडेला सुलोचनाबाईंच्या अक्षरात त्याची चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर डावीकडे कललेलं, लांब शेपट्यांचं.

आधी सगळ्या नोंदींची टेपवर एक प्रत काढून घेतली. मग पहिली डिस्क लावली. ती आधी स्वतःची छोटी प्रत हार्ड डिस्कच्या रिकाम्या कोपऱ्यात उतरवते. मशीन त्या प्रतीवर नव्यानं उठतं. मग ती प्रत जुनी प्रणाली फाईलमागून फाईल बदलत जाते. आतलं सगळं बदलतं, मशीनला मात्र आपण तेच आहोत असं वाटत राहतं. दीड तास लागला. दुसरी डिस्क एकसष्ट टक्क्यांवर अडकली. कुंकू.

ती नळाखाली धुतली, भांड्याच्या साबणाचा एक थेंब लावला, आणि प्रयोगशाळेतल्या लांब धाग्याच्या कापसानं मधून कडेकडे पुसली. किसनराव दारात उभे राहून पाहत होते. पुसलेलं त्यांना आवडलं नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

झालं. दुसरी डिस्क शंभर टक्के गेली, नव्या यंत्राचा पहिला नमुना नोंदला गेला.

आजवर कापसाचा कार्यक्रम फक्त 'सुलोचना' या एकाच नावानं उघडत होता. परवाना त्या नावाचा. जो कुणी बसेल त्यानं सुलोचना म्हणूनच बसायचं. नव्या आवृत्तीत दुसरं नाव जोडता येतं. दुपारी बाराला जोडलं. 'मयुरी' या नावानं आत गेले. स्क्रीनवर माझं नाव आणि त्यापुढं लुकलुकणारी रेघ. हसू येईल कुणालाही, पण मी दोन मिनिटं नुसती बघत होते.

अण्णाजींना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, छान, पण जुनं काढलं नाही ना. मी म्हटलं, नाही, जुनं सगळं तसंच आहे. मग बरं, म्हणाले.

आईला फोन केला. ती म्हणाली, प्रस्ताव झाला की पेढे घेऊन मीच येते तुह्या हापिसात.

२७ नोव्हेंबर, सोमवार

'मयुरी' नाव मशीनमध्ये नाही. जोडताना काही राहिलं असेल. पुन्हा जोडलं, दोनदा तपासलं.

सकाळपासून अवेळी पाऊस. वेचलेला कापूस भिजला म्हणून गावात रडारड. अनुसयाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सुलोचना, भिजली काऊन ओ?" मी म्हटलं, मयुरी. त्या म्हणाल्या, तेच ते.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

जुन्या नावाच्या घरात, म्हणजे सुलोचनाबाईंच्या फोल्डरमध्ये, पत्रांची एक फाईल सापडली. पत्रं संस्थेच्या अध्यक्षांना. पहिलं चौदा वर्षांपूर्वीचं. "मी खाली सही करणार मोहिनी रामाजी उईके, सुलोचना पोहाणे यांच्या जागेवर काम करीत असून नियुक्ती आदेश माझ्या नावे काढावा." पुढल्या वर्षी तेच पत्र, तीच सही. अशी नऊ. मग एक पत्र असं: मजकूर तोच, मोहिनी उईके हिच्या नावे आदेश काढावा, आणि खाली सही सुलोचना पोहाणे. त्यानंतरची पत्रं रजेची आणि पंख्याच्या दुरुस्तीची. सगळी सुलोचना.

म्हणजे माझ्या आधीची सुलोचना मोहिनी होती.

अनुसयाबाईंच्या खोलीत केंद्राचे वार्षिक फोटो आहेत. संध्याकाळी नीट पाहिले. खुर्चीवर संगणकवाल्या बाई. तीन वेगवेगळ्या बाया. एक गोरी, उंच. एक जाड चष्म्याची. अलीकडच्या फोटोंत एक बुटकी, हनुवटीवर गोंदण. प्रत्येकीवर बोट ठेवून विचारलं, ही कोण. तिन्ही वेळा, सुलोचना. मी म्हटलं, अनुसयाबाई, चेहरे वेगळे आहेत. त्या म्हणाल्या, "वय होते ना माय. चेहरा काय तसाच राह्यते?"

३० नोव्हेंबर, गुरुवार

'मयुरी' पुन्हा गायब. या वेळी मी मशीनची दैनंदिन नोंद उघडली. कोणी, कधी, काय केलं ते युनिक्स शांतपणे लिहून ठेवतं.

शनिवारी सोळा वीसला 'मयुरी' काढलं. मंगळवारी अकरा वीसला 'मयुरी' काढलं. दोन्ही वेळा काढणारी 'सुलोचना', याच खोलीतल्या याच कळफलकावरून.

मंगळवारी अकरा वीसला या खुर्चीत मी होते. बाहेर कुठून येता येत नाही, मशीन कुठल्याच तारेला जोडलेलं नाही. किसनरावांना विचारलं, परवा अकराच्या सुमारास इथं कोण बसलं होतं. ते म्हणाले, "तुमीच त होत्या बाई. मी चहा ठेवून गेलतो. तुमी टाइप करून राह्यल्या होत्या, वर पाह्यलंसुद्धा नाई."

चहा मला आठवतो. त्याच्या आधीचं आठवत नाही.

मग मोहिनीबद्दल विचारलं. नाव त्यांना कळलंच नाही. हनुवटीवर गोंदण असलेल्या बाई म्हटल्यावर सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर ताप भरला, दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत. कागदावर सुलोचना पोहाणे लिहिलं होतं. पोहाण्यांच्या घरी निरोप गेला. ते म्हणाले, आमच्या सुलोचनाबाईंना जाऊन बावीस वर्षं झाली. दुसरं कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. किसनराव आणि अण्णाजींनीच अंत्यविधी उरकला. सांगताना किसनराव डोळे पुसत होते. वाईट माणूस नाही तो. इथं कुणीच वाईट नाही.

उईक्यांच्या घरी अजून वाट बघत असतील.

१ डिसेंबर, शुक्रवार

हजेरीपटात माझ्या अकरा दिवसांच्या सह्या एकाखाली एक पाहिल्या. पहिल्या दिवशीची ओळखू येते, माझं सरळ, टोचरं अक्षर. पाचव्या दिवशी अक्षर डावीकडे झुकलंय. काल आणि आज त्याला लांब शेपट्या आल्यात.

सकाळी वीज गेली होती. मशीन पुन्हा उठलं, मी कोण विचारलं, आणि मी क्रमांक भरला. बाराही आकडे. भरून झाल्यावर लक्षात आलं की चिठ्ठी गळून पडलीय, कालच पडली होती, मीच झाडून टाकली.

चहा आज कपात आला. आतल्या फळीवरच्या. अनुसयाबाईंनी मला चुलीजवळ पाट दिला आणि मेथी निवडायला सांगितली. मी निवडली. खरं लिहायचं तर बरं वाटलं. एकतीस वर्षांत असा पाट मला परक्या घरी कुणी दिला नव्हता, आणि आजही तो मला दिलेला नाही.

२ डिसेंबर, शनिवार

आईला फोन केला. हॅलो म्हटल्यावर ती म्हणाली, कोण बोलता जी? मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, मी कोण? मयुरी म्हणायला जीभ वळली, आणि मधेच —

विवेकनं फोन घेतला. घसा बसलाय का विचारलं. हो म्हटलं. तो म्हणाला, ये घरी चार दिवस. मी म्हटलं, ११ तारखेला समिती आहे, त्याआधी निघाले तर ओळ कोरी राहील. आठवी नोकरी शोधायला माझ्यात जोर नाही. मागून आई विचारत होती, कोण बाई आहे रे.

४ डिसेंबर, सोमवार

रविवारभर विचार केला. चूक माझीच. मी जुन्याच्या वर नवं बसवलं. वरून बसवलं की खालचं राहतं.

डिस्क सुरुवातीलाच दोन रस्ते विचारते. जुनं राखून वर बसवायचं, की सगळं पुसून कोऱ्यावर. उद्या दुसरा. सुलोचनाचं घर, तिचं नाव, तिचा परवाना, काही ठेवायचं नाही. कापसाच्या नोंदींची टेपवर ताजी प्रत काढेन, मग त्या तेवढ्या परत घेईन. मग पहिलं नाव जोडायचं ते माझं.

मोहिनीची पत्रं आधी कागदावर उतरवून घ्यायची. विसरायचं नाही. तिच्या घरच्यांना कळवायचंय.

५ डिसेंबर, मंगळवार

पुसलं.

सकाळी दहाला पहिली डिस्क. मशीननं विचारलं, हार्ड डिस्कवरचं सगळं नष्ट होईल, खात्री आहे? हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. तीन तासांत कोरं मशीन, कोरी प्रणाली. पहिल्या नावाची चौकट आली. म, यु, री. बोटं जड झाली होती, एकेक कळ दाबली. घेतलं.

अण्णाजी दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, बाई, दमला असाल, आता टेप तेवढी लावा.

पत्रं उतरवली का? उतरवली असतील. कागद सापडत नाही.

६ डिसेंबर, बुधवार

सगळं जागेवर आहे. सुलोचना आहे. तिचं घर आहे, परवाना आहे, पंख्याच्या दुरुस्तीचं पत्रसुद्धा आहे. टेपवर कापसाच्या नोंदीच नव्हत्या फक्त, सगळंच होतं, आणि मी सगळंच परत घेतलं. नोंदीत लिहिलंय. सोळा वीस.

मोहिनीची नऊ पत्रं तेवढी नाहीत. ती मी टेपच्या आधीच वेगळी काढली होती, उतरवायला —

आज कसली तरी सुट्टी मागायची होती. सकाळपासून आठवतेय. संध्याकाळी मेणबत्त्या, पांढरी साडी, कुणाचं तरी बोट धरून चौकापर्यंत चालत जायचं. लहानपणीचं काहीतरी. कामात राहून गेलं.

फोन दोनदा वाजला. वर 'आई' असं येत होतं. आई तर मी बारावीत असतानाच गेली.

नाही. हे मी काय लिहिलं. आई समुद्रपूरला आहे. पंचफुला हरिदास थूल. पंचफुला हरिदास थूल. पंचफुला

७ डिसेंबर, गुरुवार

ही वही उशीखाली सापडली. अक्षर टोचरं आहे, वाचायला त्रास होतो. २८ तारखेच्या पानावर मोहिनी असं नाव आहे. कोण ते कळत नाही.

वाचत गेले तसं — मी मयुरी. पहिल्या पानावर आहे. रोज सकाळी पहिलं पान वाचायचं. सही करायच्या आधी.

आता बसस्टँडवर जावं. किसनरावांना सांगितलं, मी चालले. ते म्हणाले, "जा ना जी, कोन अडवते? सही करून जाजा फक्त."

केली. मग नमुने आले होते, रोहण्याचे बावीस, ते घ्यायला बसले.

८ डिसेंबर, शुक्रवार

पान वाचलं. सही केली. नमुने अठरा.

अनुसयाबाईंनी कढी केली होती. अशी कढी मला आवडते हे त्यांच्या लक्षात आहे. इतकी वर्षं झाली.

पान पुन्हा वाचलं. एकतीस वय, सातवी नोकरी. बिचारी —

९ डिसेंबर, शनिवार

वाचायचं राहिलं

११ डिसेंबर, सोमवार

समिती येऊन गेली. जागा कायम झाली. सत्तावीस वर्षांनी. सौ. सुलोचना पोहाणे, नियमित वेतनश्रेणी, आदेशावर शिक्का. किसनराव म्हणाले, "आता मरेस्तोवर कोनी हालवत नाई तुमाले, बाई." सगळ्यांनी पेढा खाल्ला. मशीनलाही ठेवला.

दुपारी फाटकाशी एक म्हातारी आली. पांढरी साडी, हातात मिठाईचा पुडा, सोबत पोरगा. कुणी मयुरी पाहिजे म्हणे. किसनरावांनी सांगितलं, इथं त्या नावाची कोणी नाही. हजेरीपट नेऊन दाखवला. पोरगा ओळीओळीवर बोट फिरवत होता. बाई खाली बसली. किसनरावांनी पाणी दिलं.

मी खिडकीतून बघत होते. वाईट वाटलं. कुणाची पोरगी अशी —

निघताना ती उठली, इमारतीकडे तोंड केलं, आणि शेताच्या बांधावरून बोलवतात तशी लांब हाक दिली. मयुरे, असं.

मी ओ दिली. तोंडातून गेली. का गेली ते

पुन्हा हाक. मी उठले आहे. लिहिता लिहिता उठले आहे. किसनराव फाटक लावतायत, पोरगा तिला धरून नेतोय, ती वळून बघते पण खिडकीला जाळी आहे, तिला दिसत नाही. दाराशी अण्णाजी आदेश घेऊन उभे आहेत, पोच म्हणून सही पाहिजे म्हणतात, एक सही, मग जा खुशाल. पेन हातात आहेच. आधी हाक, आधी ओ द्यायची — आई, थांब, मी म —